वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : जर्मन उच्चार, रोजची वाक्यं आणि बदललेलं शुद्धलेखन

या वेळी जर्मन शिकायला नुकतीच सुरुवात केलेल्या वाचकांचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. बहुतेक अडचणींचं मूळ एकच दिसतं: जर्मन शब्द आधी इंग्रजीच्या वळणाने वाचायचा आणि मग तो मराठीत बसवायचा. मधली ही इंग्रजी काढून टाकली, तर निम्मी वाट सोपी होते. उच्चार देवनागरीत दिले आहेत, पण ते जवळपासचेच समजा. टी आणि डी यांचे जर्मन ध्वनी आपल्या 'त-द' आणि 'ट-ड' यांच्या मधले आहेत. जीभ मागे न वळवता वरच्या हिरडीला टेकवली की ते साधतात.

प्रश्न : 'मी' यासाठीचा जर्मन शब्द कोणी 'इश' म्हणतं, कोणी 'इख', कोणी 'इक'. नक्की काय म्हणायचं?

तुम्ही ऐकलेले तिन्ही उच्चार जर्मनभाषक करतात. ऱ्हाइन नदीच्या काठच्या काही भागांत 'इश'च्या जवळचा, बर्लिनच्या बोलीत 'इक', स्वित्झर्लंडमध्ये घशातून घासून येणारा 'इख़'. प्रमाण जर्मनमध्ये मात्र चौथाच ध्वनी आहे आणि शिकणाऱ्याने तोच पक्का करावा.

लांब 'ई' म्हणा. जीभ आहे तिथेच ठेवा, आवाज बंद करा आणि नुसता श्वास जोरात सोडा. जिभेचा मधला भाग आणि टाळू यांच्यामधून घासत जाणारी हवा ऐकू येईल, तोच हा ध्वनी. मराठी 'ह्या' कुजबुजत म्हटलं तर सुरुवातीला हाच येतो, म्हणून इथे तो 'ह्य्' असा लिहिला आहे: 'इह्य्'. त्याचा 'श' होत असेल तर दोन गोष्टी तपासा. जिभेचं टोक वर उचललं जात असेल. ते खालच्या दातांमागे टेकलेलं हवं. किंवा ओठ पुढे येत असतील. ते हसताना असतात तसे ताणलेले हवेत.

सी-एच ही अक्षरजोडी नेहमी 'ह्य्' नसते. आधी आ, ओ, उ किंवा आउ असेल तर ती 'ख़' होते: 'बूख़' (पुस्तक), 'नॉख़' (अजून), 'आउख़' (सुद्धा). आपल्या 'ख'साठी जीभ मागे टेकते आणि सुटते. 'ख़'मध्ये ती टेकतच नाही, म्हणून तो श्वास पुरेल तोवर लांबवता येतो. इतर स्वरांनंतर आणि एल, एन, आर यांच्यानंतर 'ह्य्': 'मिल्ह्य्' (दूध), 'डुर्ह्य्' (मधून). सी-एच-एस एकत्र आले तर बहुतेकदा 'क्स', जसं 'ज़ेक्स' (सहा). शेवटी आय-जी आलं तर प्रमाण उच्चार 'इह्य्': 'त्स्वान्त्सिह्य्' (वीस). दक्षिण जर्मनी आणि ऑस्ट्रियात तिथे 'इक' ऐकू येतं, तेही चालतं.

प्रश्न : झेड या अक्षराचा उच्चार 'त्स' आहे असं पुस्तकात वाचलं. पण मी 'त्सिमर' (खोली) म्हणायला गेले की 'चिमर' होतं.

हा 'त्स' मराठी माणसाच्या तोंडात आधीपासूनच आहे. 'चाक', 'चोर', 'चूल' यांतला दंत्य च म्हणजे जवळजवळ हाच ध्वनी. म्हणून 'त्सूक' (रेल्वेगाडी) सहज जमतं. अडचण येते ती इ आणि ए यांच्याआधी, कारण मराठीत या स्वरांपुढे दंत्य च आपोआप तालव्य होतो: 'त्याचा' म्हणताना दंत्य, 'त्याची' आणि 'त्याचे' म्हणताना तालव्य. तीच सवय 'त्सिमर'चं 'चिमर' आणि 'त्सेन'चं (दहा) 'चेन' करते. उपाय असा: 'त्याचा' म्हणा, 'चा'वर थांबा, जिभेचं टोक वरच्या दातांना लावून ठेवा आणि फक्त स्वर बदला. चा, चू, चे, ची, चारही दंत्य यायला हवेत, मग पुढचा शब्द.

'तुम्ही/आपण' या अर्थाच्या 'ज़ी'चं नेमकं हेच होतं. 'माझा'चं 'माझी' होताना ध्वनी बदलतो, तसं 'ज़ी'चं 'जी' होऊन जातं. आधी 'स्स्स' असा नुसता स लांबवा, मग त्याच जागी घशात आवाज सुरू करा. गळ्यावर बोट ठेवलं तर कंप जाणवेल. अगदीच जमेना तर 'सी' म्हणा. दक्षिण जर्मनी आणि ऑस्ट्रियात लाखो लोक तसंच बोलतात. 'जी' मात्र कुठेच कोणी म्हणत नाही.

प्रश्न : वाक्यं पाठ आहेत, व्याकरण बरोबर असतं, तरी समोरचा जर्मन माणूस दर वेळी 'वी बिटअ?' (काय म्हणालात?) विचारतो. कुठे चुकतं?

तुमचं बोलणं न ऐकता एकच कारण सांगणं कठीण आहे, पण मराठीभाषकांच्या बाबतीत बहुधा पुढच्यांपैकी काहीतरी असतं.

पहिलं म्हणजे जोडाक्षराचा भास. जर्मनमध्ये टी-टी किंवा एम-एम असं अक्षर दोनदा लिहिलेलं दिसलं की आपण 'बिट्टे', 'कम्मेन' असं दुहेरी म्हणतो. उच्चारात तिथे एकच व्यंजन असतं: 'बिटअ', 'कॉमन'. दोनदा लिहिलेलं व्यंजन फक्त एवढंच सांगतं की आधीचा स्वर ऱ्हस्व आहे. शब्दाच्या शेवटी येणारा ई हा ठसठशीत 'ए' नसतो, निसटता 'अ' असतो.

दुसरं, शब्दारंभीचे पी, टी, के. जर्मन माणूस ते किंचित हवा सोडून म्हणतो, आपल्या 'क' आणि 'ख'च्या मध्ये कुठेतरी. आपण अगदी कोरडा 'क' म्हटला की त्याला तो 'ग' वाटू शकतो आणि 'कार्टन' (तिकिटं, पत्ते) मागितल्यावर 'गार्टन' (बाग) ऐकू येतं. तोंडासमोर कागदाचा पातळ कपटा धरा. 'कार्टन' म्हणताना तो हलला पाहिजे, 'गार्टन' म्हणताना नाही.

शब्दाच्या शेवटी उलट काळजी घ्यायची. तिथे बी, डी, जी हे प, ट, क होतात: लिहायचं 'टाग', म्हणायचं 'टाक' (दिवस), 'हुंड' लिहिलं तरी 'हुन्ट' (कुत्रा). पुढे प्रत्यय लागला की मूळ ध्वनी परत येतो, 'टागअ', 'हुन्डअ'.

आणि आघात. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाने म्हणतो. जर्मनमध्ये एका अक्षरावर जोर देऊन बाकीची हलकी सोडतात, आणि जोर चुकला तर ऐकणाऱ्याला शब्दच ओळखता येत नाही. बहुतेक अस्सल जर्मन शब्दांत जोर धातूच्या पहिल्या अक्षरावर असतो. 'बे', 'गे', 'फेर', 'एन्ट' हे उपसर्ग बिनजोराचे. म्हणून माफी मागताना एन्ट-शुल-डि-गुङ, जोर 'शुल'वर. शेवटच्या 'ङ'नंतर ग ऐकू येता कामा नये. काही ठिकाणी तर नुसत्या जोराने अर्थ उलटतो: 'उम-फा-रन'मध्ये जोर 'उम'वर दिला तर गाडीने आडवं पाडणं, 'फा'वर दिला तर वळसा घालून जाणं.

प्रश्न : दोन टिंबांच्या यू आणि ओचा उच्चार 'यू' आणि 'यो' असा केला तर चालेल का?

नाही. 'यू' म्हणताना जीभ 'य'पासून सुटून मागे 'ऊ'कडे जाते. जर्मन ध्वनीत जीभ हलतच नाही. आरशासमोर लांब 'ई' म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठ शीळ घालताना करतो तसे गोल करा. आवाज बदललेला ऐकू येईल, तोच टिंबांचा यू. तसंच 'ए' म्हणत ओठ 'ओ'सारखे केले की टिंबांचा ओ. टिंबं गाळली तर शब्द बदलतो. 'शोन' म्हणजे 'आधीच', टिंबांच्या ओने तोच शब्द म्हणजे 'सुंदर'. 'ड्रुकन' म्हणजे छापणं, टिंबांच्या यूने म्हणजे दाबणं किंवा ढकलणं. दारावर लिहिलेला असतो तो दुसरा.

प्रश्न : माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात 'की' या अर्थाचा 'डास्' हा शब्द बीसारख्या दिसणाऱ्या अक्षराने लिहिलाय, नव्या पुस्तकात तिथे दोन एस आहेत. आणखीही बरेच शब्द वेगळे दिसतात. कोणतं बरोबर? जुनं पुस्तक टाकून द्यावं का?

नवं बरोबर, आणि जुनं पुस्तक टाकू नका.

त्या अक्षराचं नाव एसत्सेट. १ जुलै १९९६ रोजी जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, लिख्टेनश्टाइन आणि जर्मनभाषक अल्पसंख्याक असलेल्या काही देशांनी व्हिएन्नात शुद्धलेखनाच्या नव्या नियमांवर सह्या केल्या. त्याआधीची सर्वमान्य व्यवस्था १९०१ सालच्या बर्लिन परिषदेची होती. नवे नियम १ ऑगस्ट १९९८ पासून शाळा आणि सरकारी कामकाजात लागू झाले. विरोध इतका झाला की प्रकरण जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं; जुलै १९९८ मध्ये न्यायालयाने सुधारणा वैध ठरवली. फ्रांकफुर्टचं एक मोठं दैनिक २००० साली जुन्या लेखनाकडे परतलं आणि २००७ मध्ये पुन्हा नव्याकडे आलं. दरम्यान २००४ मध्ये जर्मन शुद्धलेखन परिषद स्थापन झाली आणि तिच्या शिफारशींनुसार काही नियम १ ऑगस्ट २००६ पासून बदलले. म्हणजे १९९८ ते २००६ या काळात छापलेल्या पुस्तकात तिसरंच रूप सापडू शकतं.

आता एसत्सेट. पूर्वीच्या नियमात शब्दाच्या शेवटी आणि व्यंजनाआधी, स्वर ऱ्हस्व असला तरी, दोन एसऐवजी एसत्सेट यायचा. आता तो फक्त उच्चारावर ठरतो: आधीचा स्वर दीर्घ असेल किंवा आय, आउ, ऑय असा जोडस्वर असेल तर एसत्सेट, स्वर ऱ्हस्व असेल तर दोन एस. म्हणून 'श्ट्रासअ' (रस्ता), 'ग्रोस' (मोठा), 'फूस' (पाऊल), 'हाइस' (गरम) यांत एसत्सेट कायम राहिला आणि 'डास्', 'मुस्' (-लाच हवं), 'फ्लुस्' (नदी), 'कुस्' (चुंबन) यांत दोन एस आले. सुधारणेतला सर्वांत उपयोगी बदल हाच, कारण आता लेखनावरून उच्चार कळतो. 'मासअ' एसत्सेटने लिहिलं असेल तर 'मा' लांबवायचा आणि अर्थ 'मापं'; दोन एसने असेल तर 'मा' तोडायचा आणि अर्थ 'वस्तुमान'.

मराठीभाषकाने इथे जास्त कान द्यायला हवा. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना पाळतो, बोलताना त्यावर अर्थ क्वचितच अवलंबून असतो. जर्मनमध्ये 'मीटअ' म्हणजे भाडं आणि 'मिटअ' म्हणजे मध्य. 'ओफन' म्हणजे भट्टी, 'ऑफन' म्हणजे उघडं. दीर्घ स्वराला ऱ्हस्वाच्या निदान दीडपट वेळ द्या. हा नियम इतका उच्चारावर आहे की 'मजला' या अर्थाचा 'गेशॉस' जर्मनीत दोन एसने लिहितात, आणि ऑस्ट्रियात ओ लांबवतात म्हणून एसत्सेटने. स्वित्झर्लंड आणि लिख्टेनश्टाइनमध्ये एसत्सेट वापरतच नाहीत, सगळीकडे दोन एस. या अक्षराचं मोठं रूप २०१७ मध्ये अधिकृत झालं. सगळा शब्द मोठ्या लिपीत लिहिताना ते किंवा दोन मोठे एस, दोन्ही चालतात.

'डास्'ची दोन लेखनं मात्र सुधारणेनंतरही राहिली आणि उच्चार एकच, म्हणून जर्मन मुलंही इथे चुकतात. मराठीत 'मला माहीत आहे की…' यातल्या 'की'च्या जागी असेल तर दोन एस. 'ते', 'जे' किंवा नपुंसकलिंगी उपपद असेल तर एक.

जुन्या पुस्तकात याशिवाय काय दुरुस्त कराल? 'शिफ-फार्ट' (जलवाहतूक) या समासात पूर्वी दोन एफ होते, आता तिन्ही लिहितात. 'टिप'ला (सूचना) दोन पी झाले. 'नुमरीरन'मध्ये (क्रमांक देणं) मूळ 'नुमर'प्रमाणे दोन एम आले. 'राउ'च्या (खरखरीत) शेवटचा एच गेला. 'श्टेंगल' (देठ) हा शब्द 'श्टांगअ'शी जोडला जाऊन ईऐवजी टिंबांच्या एने लिहितात. 'हॉयटअ आबन्ट' (आज संध्याकाळी) यातल्या 'आबन्ट'ला मोठं अक्षर लागतं. 'केननलेर्नन' (ओळख होणं) १९९६ मध्ये दोन शब्दांत तोडलं, २००६ पासून जोडून किंवा तोडून कसंही.

व्याकरण आणि शब्दसंग्रहासाठी जुनं पुस्तक उत्तम आहे. पेन्सिल घेऊन पहिल्या धड्यातले एसत्सेट तपासा, ऱ्हस्व स्वरानंतर दिसतील तिथे दोन एस करा. दोन-तीन धड्यांत नियम हातात बसतो. परीक्षेत आणि अर्जांत मात्र नवंच लेखन.

प्रश्न : 'एस टूट मिअ लाइट' (मला वाईट वाटतं) यातल्या 'लाइट'चा एल मोठा की लहान?

लहान. १९९६ च्या नियमांनी तो मोठा केला होता, २००६ मध्ये पुन्हा लहान झाला आणि आता लहानच बरोबर.

प्रश्न : पत्रात 'डू' (तू) मोठ्या अक्षराने लिहितात का?

१९९६ नंतर लहान अक्षर सांगितलं होतं. २००६ पासून पत्रात आणि ईमेलमध्ये दोन्ही चालतं. आदरार्थी 'ज़ी', 'ईनन' (तुम्हाला) आणि 'ईअ' (तुमचं) यांचं पहिलं अक्षर कायम मोठं. लहान एसचं 'ज़ी' म्हणजे 'ती' किंवा 'ते लोक', त्यामुळे हा निव्वळ शिष्टाचाराचा नव्हे, अर्थाचाही प्रश्न आहे.

प्रश्न : 'मला थंडी वाजतेय'साठी मी 'इह्य् बिन काल्ट' म्हटलं. ते चूक आहे असं सांगितलं, कारण कळलं नाही.

कारण तुम्ही वाक्य इंग्रजीतून आणलंत. त्याचा अर्थ 'मी थंड आहे' असा होतो, भावनाशून्य माणसाबद्दल म्हणावं तसा. मराठीतून थेट गेला असतात तर बरोबर आलं असतं. आपला 'मला' म्हणजे जर्मन 'मिअ': 'मिअ इस्ट काल्ट'. मळमळतंय, 'मिअ इस्ट श्लेह्य्ट'. मी बरा आहे, 'मिअ गेट एस गूट'. ते मला आवडतं, 'डास् गेफेल्ट मिअ'. गरम होतंय हे तर आवर्जून 'मिअ इस्ट हाइस' असंच म्हणा, 'इह्य् बिन हाइस'ला भलता अर्थ आहे.

ही सोय सगळीकडे नाही. भूक, तहान आणि ताप जर्मनमध्ये 'माझ्याकडे' असतात: 'इह्य् हाबअ हुङअ', 'डुर्स्ट', 'फीबअ'. 'मला हवंय'साठीही 'मिअ' नको. दुकानात 'इह्य् हेटअ गेर्न' म्हणून वस्तूचं नाव घ्या आणि शेवटी 'बिटअ' जोडा. नुसतं 'इह्य् विल' (मला पाहिजे) हट्टी वाटतं.

प्रश्न : 'हाल्प ड्राय' म्हणजे साडेतीन ना?

नाही, अडीच. 'हाल्प' म्हणजे अर्धा आणि 'ड्राय' म्हणजे तीन, त्यामुळे मराठी कानाला 'साडेतीन' वाटतं. जर्मन माणूस मात्र तिसरा तास अर्धा झाला असं मोजतो. भेटीची वेळ नेमकी एका तासाने चुकते, म्हणून दर वेळी एक तास मागे घ्या. सव्वादोन म्हणजे 'फिअर्टल नाख़ त्स्वाय', पावणेतीन म्हणजे 'फिअर्टल फोअ ड्राय'. पूर्व आणि दक्षिण जर्मनीतल्या अनेक भागांत सव्वादोनला नुसतं 'फिअर्टल ड्राय' आणि पावणेतीनला 'ड्राय-फिअर्टल ड्राय' म्हणतात. शंका आली तर चोवीस ताशी वेळ विचारून घ्या: 'फिर्त्सेन ऊअ ड्रायसिह्य्' म्हणजे दुपारचे अडीच, त्यात घोटाळा होत नाही.

आकड्यांत मात्र मराठी तुमच्या बाजूने आहे. बेचाळीसमध्ये दोन आधी आणि चाळीस नंतर, तसंच 'त्स्वाय-उन्ट-फिर्त्सिह्य्'. अडखळायला होतं ते 'एकोण'च्या आकड्यांत. एकोणतीस म्हणताना डोक्यात तीस येतो, जर्मनमध्ये तो नऊ-आणि-वीस. १९ ते ७९ पर्यंतचे असे सात आकडे वेगळे घोकावेत. नव्याऐंशी आणि नव्याण्णव आपल्याकडेही नऊपासूनच सुरू होतात. फोनवर 'त्स्वाय' आणि 'ड्राय' सारखे ऐकू येतात, म्हणून दोनला 'त्स्वो' म्हणायची पद्धत आहे.

प्रश्न : टिंबांची अक्षरं संगणकावर कशी काढायची? नुसता यू लिहिला तर समजून घेतात का?

नुसता यू लिहू नका, तो वेगळा शब्द होतो. मोबाइलवर ए, ओ, यू किंवा एस दाबून धरला की पर्याय दिसतात. विंडोजवर ऑल्ट दाबून उजवीकडच्या अंकपट्टीवर ०२२८ टंकलं की टिंबांचा ए, ०२४६ ला ओ, ०२५२ ला यू, ०२२३ ला एसत्सेट. जर्मन कीबोर्ड लावला तर झेड आणि वाय यांच्या जागा आपसात बदलतात, हे लक्षात ठेवा. काहीच सोय नसेल तर अक्षरापुढे ई लावा: एई, ओई, यूई; आणि एसत्सेटऐवजी दोन एस, ग्रीक बीटा किंवा मोठा बी नव्हे. हे सर्वमान्य आहे, पासपोर्टच्या यंत्राने वाचायच्या ओळीतही नावं अशीच लिहितात. उलट दिशेने मात्र हा नियम लावू नका. काही आडनावांत ओई मुळातच आहे. कवी गटे यांचं आडनाव ओईनेच लिहितात, तिथे टिंबं दिली तर ती चूक ठरते.